कोपऱ्यातली गार राख

२ डिसेंबर २०२४

आलो एकदाचे नाशिकला! द्वारकेच्या चौकात आमच्या सामानाचा टेम्पो असा काही अडकला की विहंग उतरून समोरच्या टपरीवर चहा पिऊन आला, तरी टेम्पो होता तिथेच. मी आपली मांडीवर तुळशीची कुंडी घेऊन राणीसारखी बसून होते. पुण्याच्या माणसाला ट्रॅफिकचं काय कौतुक!

कंपनीचं क्वार्टर झकास आहे. शहराबाहेर, कागद गिरणीच्या मागच्या अंगाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे ऐसपैस ओटा. इमारत अगदी कोरी, आमच्याआधी कोणी राहिलेलंच नाही. स्वयंपाकघराची मागची भिंत तेवढी गिलाव्याविना राहिलीय, राखाडी विटांची. क्वार्टर दाखवायला आलेल्या क्लार्कने मोठ्या अभिमानाने सांगितलं की या विटा आपल्याच बॉयलरच्या राखेच्या, गेल्याच महिन्यातल्या. विटांचा कारखानावाला राख नेतो आणि विटा देतो. मी म्हटलं, म्हणजे माझं खातं घरात आधीच येऊन बसलंय.

माझं खातं पर्यावरण. गिरणीचं पाणी, धूर आणि राख जाते कुठे ते बघायचं. विहंगने लगेच 'राखीव अधिकारी' असं माझं बारसं करून टाकलं. त्याची बँक शहरात, रोज स्कूटरने जाणार बिचारा. संध्याकाळी गॅस जोडला आणि सासूबाईंनी फोनवरून बजावल्याप्रमाणे दूध मुद्दाम उतू घालवलं. शेगडी पुसताना विहंग कुरकुरला. मला फार बरं वाटतंय आज.

५ डिसेंबर

बॉयलर बघितला. कागद वाळवायला वाफ लागते, वाफेसाठी बॉयलर, आणि त्याच्या पोटात दिवसरात्र कोळसा आणि 'पांढरा कोळसा' जातो. म्हणजे भुसा आणि चिपाडं दाबून केलेल्या कांड्या. खालून लांब आकड्यांनी राख ओढतात आणि ती बाहेरच्या सिमेंटच्या खड्ड्यात पडते. खड्डा म्हणजे पोहायचा तलावच म्हणा, फक्त राखेचा. तिथे ती निवते, कडेने पाणी मारतात, मग लोडरने उपसून ट्रॉल्या भरतात.

फारुखभाई बॉयलरचे फोरमन. दाढी मेंदीची, आवाज खर्जातला. त्यांनी कागदाचा बोळा खड्ड्यात टाकला. राख वरून अशी गार आणि मऊ दिसत होती की दुलई पांघरल्यासारखी. क्षणभर काही नाही, मग बोळा भप्पकन पेटला. "वरून गार दिसते, मॅडम, पण आत जिती असते," म्हणाले. कठड्यापलीकडे कोणीही पाय टाकायचा नाही हा इथला कायदा. कठडा नवा दिसला, पिवळा रंग अजून ओला असावा इतका.

एका कोपऱ्यात लोडरचं तोंड पोचत नाही, तिथे जुनी राख साठून घट्ट झालीय. ती काढून घ्या म्हटलं. फारुखभाई बघतो म्हणाले आणि पुण्यात माझं घर नेमकं कुठे, ते विचारायला लागले.

१४ डिसेंबर

बातमी पक्की! जुलैच्या मध्यावर. डॉक्टरबाईंनी अभिनंदन केलं तेव्हा विहंगने त्यांच्याशीच हस्तांदोलन केलं, मग माझ्याशी, मग बाहेर बसलेल्या एका अनोळखी आजोबांशी. मला हसू आवरेना आणि रडूही. दोन वेळा हातातून गेलंय. या वेळी नाही जाऊ द्यायचं. काही झालं तरी नाही.

परत आलो तर गेटवर एक बाई उभी होती. पुतळाबाई, सुरगाण्याकडची. भातं काढून झाली की ही माणसं इकडे कामाला उतरतात. ती द्राक्षबागेत जाते. तिचा नवरा पुंजाराम आमच्याकडे ठेकेदाराच्या हाताखाली राख ओढायला होता. तो सापडत नाही म्हणून ती दर सुट्टीला येऊन विचारते. वॉचमन सांगतो की काम सोडून गुजरातेत गेला. ती भांडत नाही, ओरडत नाही. एवढंच म्हणते, "चपला हितंच हायेत त्याच्या. अनवाणी कुठं जाईल मानूस?"

मी ऑफिसात विचारलं. ही माणसं अशीच येतात आणि जातात, असं उत्तर मिळालं.

११ जानेवारी २०२५

एक गंमत. आज खड्ड्यावर पाणी मारत होते आणि ओल्या राखेचा वास आला. माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं की रुमाल लावावा लागला. सकाळी पोहे बघून ओकारी आलेली मी!

नमुन्याची पिशवी लॅबमध्ये उघडली. आजूबाजूला कोणी नव्हतं. बोट ओलं केलं आणि चाटलं. खारट, जराशी तुरट, दाताखाली बारीक करकर. काय सांगू, आमरस झक मारतो.

२६ जानेवारी

सासूबाई आल्यात, आता काही महिने इथेच. मला अगरबत्तीची राख चाटताना त्यांनी रंगेहाथ पकडलं आणि मी शरमेने मान खाली घातली. त्या उलट खूश! म्हणाल्या, विहंगच्या वेळी त्यांनी शाळेतले खडू संपवले होते. डोहाळे मारायचे नसतात, मूल जन्मभर लाळ गाळतं. डॉक्टरबाई म्हणतात, लोह कमी आहे, गोळ्या घे आणि असलं काही खाऊ नकोस. सासूबाईंनी गोळ्या देवापुढे ठेवल्या आणि डॉक्टरबाईंना मुलंबाळं किती, असं मला विचारलं.

फारुखभाईंच्या कानावर त्यांनीच घातलं. संध्याकाळी ते स्टीलचा डबा घेऊन ओट्यावर हजर. वस्त्रगाळ राख, मैद्यासारखी. पोटुशी बाईची हौस, नाही कशी म्हणायची, म्हणाले. त्यांच्या शकीलाभाभींना भाजकी माती लागायची. आमच्या घरात हसणं चाललं होतं नुसतं. विहंग म्हणाला, राखीव अधिकाऱ्याला भत्ता सुरू झाला.

ही राख लॅबमधल्यापेक्षा चांगली आहे. जास्त भरीव. कशी सांगू, हिला चव आहे.

२४ फेब्रुवारी

बाळ हललं! दुपारी डब्यातली चिमूट तोंडात टाकली आणि आतून हलकेच टकटक. मी विहंगला बँकेत फोन केला, तो काउंटरवरच्या माणसाला सोडून माझ्याशी बोलत राहिला.

चिमटीची आता मूठ झालीय. डबा आठवड्याला संपतो. जेवण जात नाही, तरी वजन वाढतंय. डॉक्टरबाई चकित आहेत.

९ मार्च

कसं लिहू?

रोजे चालू आहेत. फारुखभाई दुपारी आले आणि डबा न देता ओट्यावर बसले. म्हणाले, हे पोटात ठेवून रोजा होत नाही.

पुंजाराम गुजरातेत गेलेला नाही. तो खड्ड्यात गेला. नोव्हेंबरात त्याचा आकडा हातातून निसटून राखेवर पडला, त्या कोपऱ्यात. राख वरून गार दिसली. चपला कडेला काढून तो हलक्या पायाने दोन पावलं गेला आणि खपली फुटली. आधी कमरेपर्यंत, मग दिसेनासा. ओरडायलाही मिळालं नाही त्याला, तोंडात राख गेली, नुसता खोकला ऐकू आला. पाणी मारलं तर वाफेत कोणाला काही दिसेना. ठेकेदाराने लोडर लावून खड्डा उपसला, राख विटांना गेली, आणि सगळ्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं. कठडा त्यानंतरचा.

मी विचारलं, मला हे आज का सांगताय?

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, ताजी राख गरम पडते, दोन जिवांच्या बाईला बाधेल, म्हणून त्यांनी सगळ्यात जुनी आणि गार राख बघून आणली. दर वेळी. ती फक्त कोपऱ्यात आहे. "माझ्या ध्यानातच आलं नाही, मॅडम. अल्लाची शपथ. काल डबा भरताना हाताला दात लागला."

मी ओकले. ओकतच राहिले. बाहेर काही पडलं नाही.

१२ मार्च

विहंगने गिरणीच्या साहेबांवर आवाज चढवला, मग पोलिसांत गेला. पोलीस येईपर्यंत कोपरा पाण्याच्या फवाऱ्याने लख्ख धुऊन ठेवला होता. फारुखभाई मालेगावला भावाकडे गेलेत, फोन बंद. विहंगला आता त्यांच्याच बोलण्याची शंका येते. मला नाही. मला ती चव माहीत आहे.

आजपासून राख बंद. फक्त वरणभात.

१८ मार्च

बाळ हलत नाही.

परवापासून. दवाखान्यात नेलं. ठोके आहेत, पण मंद. डॉक्टरबाईंनी दोन दिवस ठेवून घेतलं, सलाईन लावलं, काही फरक नाही. विश्रांती घ्या म्हणाल्या. मला मागच्या दोन वेळा आठवतात. दोन्ही वेळा असंच शांत झालं होतं आणि मग संपलं होतं.

२० मार्च

घरी. अजून शांत. दुपारी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. सासूबाई झोपल्या होत्या. मी मागच्या त्या राखाडी विटांच्या भिंतीला कपाळ टेकलं, गारव्यासाठी म्हणून. मग जीभ लावली.

बाळाने लाथ मारली. जोरात.

मी रडले आणि चाटत राहिले. काय करू? माझं बाळ आहे.

३० मार्च

आज पाडवा. गुढीला साखरेची माळ. मला गोड मातीसारखं लागतं आणि भिंत गोड लागते.

पुतळाबाई गेटवर होती. मीच तिला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. कोणीतरी तिला सांगायला हवं होतं. ती रडली नाही. नवऱ्याची राख तरी द्या, म्हणाली, सावडायची राहिलीय, तिसरा दिवस कधीचा गेला, नदीत सोडल्याशिवाय तो सुटायचा नाही. मी सांगितलं, कोपरा धुतला. विटा झाल्या. आणि उरलेली मी खाल्ली.

तिने हात पुढे करून माझ्या पोटावर ठेवला. बाळ आतून त्या हाताकडे सरकलं. माझ्या हाताकडे ते कधी असं आलेलं नाही. "हितं हाय व्हय," एवढंच ती म्हणाली, जीव भांड्यात पडल्यासारखी.

१९ एप्रिल

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आई पुण्याहून न्यायला आली. मीही म्हटलं, पळावं इथून. सिन्नरपर्यंत ठीक. संगमनेर आलं आणि पोटात सगळं थांबलं. नुसतं थांबलं नाही, जड झालं. ओलं पोतं मांडीवर ठेवावं तसं. मला धाप लागली. आई म्हणाली, थोडं पुढे जाऊ, सरळ हॉस्पिटलात जाऊ. मी ड्रायव्हरच्या अंगावर ओरडले, गाडी वळव.

गिरणीची चिमणी दिसली आणि ते हललं.

आई एकटी परत गेली. जाताना सासूबाईंना काहीतरी बोलली, दोघींची भांडणं झाली. मी भिंतीपाशी होते.

२५ मे

डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओट्यावर झोपाळा बांधला होता. सासूबाईंनी कॉलनीतल्या सगळ्या बायका बोलावल्या. त्यांना वाटतं, थाटामाटाने सगळं ठीक होईल.

झाकलेल्या दोन वाट्या पुढे आणल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सासूबाईंनी स्वतः माझ्यासमोर भरल्या होत्या. मी डावी उघडली. राख. काठोकाठ, सपाट. कोणीतरी हसलं. सासूबाईंनी घाईघाईने उजवी उघडली. राख.

मी दोन्ही खाल्ल्या. सगळ्यांच्या देखत, हिरव्या साडीत, बोटांनी पुसून. थांबताच येईना. फाटकाबाहेर पुतळाबाई उभी होती, तिच्या डोक्यावर कोरं मडकं.

८ जून

सासूबाईंनी माणूस बोलावून भिंतीला गिलावा करून घेतला. वर रंग. मला बाहेरच्या खोलीत बसवलं.

सकाळी नखांनी गिलावा काढला. नखं गेली. विहंगने माझे हात बांधले, स्वतःच रडला, स्वतःच सोडले. त्याने मला विचारलं, यशू, तू आमच्यात आहेस ना? मी हो म्हटलं. खोकले. रुमालावर राखाडी.

पोटातून रात्रंदिवस धग येते. अंगाला हात लावला तर गार.

१७ जून

सोनोग्राफी. डॉक्टरबाई म्हणाल्या, सगळं नॉर्मल. ठोके उत्तम. वजन उत्तम. स्क्रीन आमच्याकडे वळवली. विहंगला नाक दिसलं. सासूबाईंना विहंगचं कपाळ दिसलं.

मला दिसलं ते मी सांगितलं नाही. ते पोहत नव्हतं. ते पाय दुमडून बसलं होतं. वाट बघत बसतात तसं —

सांगून काय होणार? नॉर्मल आहे.

२४ जून

पुतळाबाई आता ओट्यावरच असते. वॉचमन हाकलतो, ती परत येते. गावाकडे भाताची आवणी, म्हणजे लावणी, सुरू झाली. तिची सगळी माणसं गेली. ती म्हणते, एकटी कशी जाऊ, जोडीनं आलो होतो.

मी तिच्या पाया पडले. म्हटलं, तुझा माणूस घेऊन जा, पण माझं बाळ मला ठेव. ती कळवळली. खरंच कळवळली. माझ्या केसांवरून हात फिरवला. "दोघं कशी मावतील, बाई?" म्हणाली.

३० जून

तेव्हा खाल्लं नसतं तर बाळ गेलं असतं. खाल्लं म्हणून —

मी रोज त्याला भरवत होते. कोणाला भरवत होते?

३ जुलै

हलणं वेगळं आहे. लाथ नाही. चाचपतं. आतून बोटं फिरवतं, एकेका बरगडीवर. वाट शोधल्यासारखं.

विहंग म्हणतो, उद्याच अ‍ॅडमिट होऊ. उद्या.

४ जुलै

कळा. तारखेला अजून दहाएक दिवस आहेत, तरी कळा. पाणी गेलं नाही, सगळं कोरडं. चादरीवर भुकटी —

विहंग कंपनीची गाडी आणायला गेटवर गेलाय. सासूबाई देवापाशी, मोठमोठ्याने काहीतरी म्हणताहेत. भर दुपार. खिडकीतून ओटा दिसतो. पुतळाबाईने पांढरं फडकं पसरलं. मडकं पुढ्यात ठेवलं. पदर सावरला.

मी बाळाला हाक मारली. बाळा, म्हटलं. सोन्या. मी आहे, आई आहे. परत मारली. परत. काही नाही. तिथे कोणी — माझं कोणी तिथे नाही — कधीपासून नाही —

ती बाहेरून बोलली. हळूच, घरच्या माणसाला उठवतात तसं. "अवो, चला आता घरी."

आणि माझ्या पोटातून ओ आली. बाप्याच्या आवाजात, आधी खोकून, मग —